चोर बाजारातले जुने टेबल, अंगावर मोरपंखी रंग

मुंबईतल्या ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडावे आणि मौलाना शौकत अली मार्गाने पंधरावीस मिनिटे चालत राहावे. नळ बाजार, भेंडी बाजाराच्या गर्दीत एका वळणावर अचानक पितळी दिवे, फोनोग्राफचे कर्णे, जहाजावरची घड्याळे आणि जुन्या सिनेमांची पोस्टर्स दिसू लागतात. ही मटण स्ट्रीट. सारी मुंबई तिला चोर बाजार म्हणून ओळखते. इथल्या गोंगाटामुळे मूळ नाव ‘शोर बाजार’ होते आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘चोर’ झाले, असे सांगितले जाते. व्हिक्टोरिया राणीचे हरवलेले व्हायोलिन याच बाजारात सापडल्याची दंतकथाही दुकानदार मोठ्या चवीने ऐकवतात. खरे काय नि खोटे काय, याची काळजी इथे कुणी करत नाही. गिऱ्हाइकाने मात्र ती करायला हवी, विशेषतः तो फर्निचर घ्यायला आला असेल तर.

कारण हल्ली या बाजारात येणारी सगळीच माणसे हौशी संग्राहक नसतात. नुकताच संसार मांडलेली जोडपी येतात, मुलीच्या खोलीसाठी काहीतरी वेगळे शोधणाऱ्या गृहिणी येतात. नव्या दुकानातले भुशाच्या फळ्यांचे ड्रेसिंग टेबल दोन पावसाळ्यांत फुगते, हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. अस्सल लाकडाचे नवे टेबल घ्यायचे तर किंमत परवडत नाही. मग मधला मार्ग निघतो : जुने, पण भक्कम टेबल घ्यायचे आणि त्याला झकास, भडक म्हणावा असा रंग द्यायचा. कल्पना उत्तम आहे. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात : आपल्या हाती लागलेले लाकूड कोणते आणि त्यावरचा जुना रंग कोणता.

टेबले येतात कुठून?

दक्षिण मुंबईत १९३० आणि १९४०च्या दशकांत आर्ट डेको पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतालच्या अशा इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या काळच्या घरांतले फर्निचरही त्याच वळणाचे होते. गोल गुळगुळीत कोपरे, मधोमध मोठा वाटोळा आरसा, दोन्ही बाजूंना खण आणि बसायला बुटका स्टूल. याशिवाय जुन्या वाड्यांतली, बंगल्यांतली नक्षीदार टेबले असतात, ज्यांच्या आरशाची चौकट पुढे-मागे कलते. घराची वाटणी झाली, इमारत पाडायला निघाली किंवा मुले परदेशी गेली, की हे सामान बाहेर पडते. लहान फ्लॅटमध्ये ते मावत नाही आणि भंगारात द्यायला जीव होत नाही. मग ते बाजारात येते.

बाजार स्वतःही बदलतो आहे. शेजारच्या भेंडी बाजाराच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासासाठी २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना झाली. सुमारे २५० जुन्या इमारतींच्या जागी तिथे उंच मनोरे उभे करण्याची ही योजना आहे. त्या मनोऱ्यांच्या सावलीत जुन्या वस्तूंची गल्ली अजून तग धरून आहे. शुक्रवारी इथली नेहमीची दुकाने बंद असतात आणि भल्या पहाटेपासून रस्त्यावर जुन्या वस्तूंचा जुम्मा बाजार भरतो. फर्निचर निवांतपणे पाहायचे असेल तर शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी, सकाळी अकरानंतर जावे.

मुंबई लांब पडत असेल तरी हरकत नाही. पुण्याचा जुना बाजार, अहमदाबादची साबरमतीकाठची रविवारची गुजरी, दिल्लीतली अमर कॉलनी, अशी ठिकाणे मोठ्या शहरांत असतातच. पारखण्याची रीत सगळीकडे तीच.

दर्शनी बाजूला भुलू नका

‘असली बर्मा टीक है भाभी, सौ साल पुराना!’ हे वाक्य दर दुसऱ्या दुकानात ऐकू येते. त्यावर हसावे आणि टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढावा. लाकडाची खरी जात खणाच्या तळाशी आणि टेबलाच्या पाठीमागे कळते, कारण तिथे पॉलिश पोहोचलेले नसते.

सागवान हाताला किंचित तेलकट लागते आणि नखाने खरवडले तर जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी त्याहून जड, काळपट जांभळ्या छटेचे असते. सुतार ज्याला नुसते ‘जंगली’ म्हणतात, त्या मिश्र लाकडाला असा ठळक वास नसतो आणि त्याचे रेषेचे सौंदर्यही बेताचेच. कडेला पापुद्रे दिसले तर ते प्लायवूड. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांनी एकमेकींत गुंतलेल्या असतील, तर काम चांगल्या सुताराचे आहे असे समजावे. नुसते खिळे ठोकलेले असतील तर किंमत करताना हात आखडता घ्यावा.

स्क्रूकडेही लक्ष द्या. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणवणाऱ्या टेबलात सगळीकडे तेच दिसले, तर एक तर बरीच डागडुजी झालेली आहे किंवा वस्तू नवी करून जुनी दाखवलेली आहे. या बाजारात दुसरी शक्यताही कमी नसते.

टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड पोखरणारी कीड आत जिवंत आहे. असे टेबल घरी आणणे म्हणजे घरातल्या बाकीच्या फर्निचरलाही निमंत्रण देणे. ते सोडून द्यावे. आरशाचा पारा कुठे कुठे उडालेला असेल तर मात्र घाबरू नका. काच बदलता येते आणि अनेकांना ते काळे ठिपकेच आवडतात.

जाताना मोजपट्टी न्यायला विसरू नका. घरातली जागाच नव्हे, इमारतीचा जिना आणि लिफ्टचे दारही मोजून ठेवा. आरसा सुटा होतो का, हेही दुकानातच पाहा. अख्खे टेबल टेम्पोतून घरापर्यंत येते आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकते, अशी फजिती अनेकांची होते.

कोणत्या टेबलाला रंग देऊ नये?

इथे घाई नडते. सुंदर रेषांचे सागवान किंवा शिसवीचे टेबल हाती लागले, तर त्याला रंग देऊ नका. जुने पॉलिश बहुधा चपडीचे, म्हणजे लाखेचे असते. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस फिरवून पाहा. पॉलिश विरघळून चिकट झाले तर ते चपडीचेच. असे पॉलिश नव्याने करता येते आणि त्यासाठी लाकूड फारसे घासावेही लागत नाही. एकदा ऑइल पेंट लाकडाच्या शिरांत उतरला, की तो पूर्ण काढणे फार कष्टाचे असते. नक्षी असेल तर जवळजवळ अशक्य. शिवाय पुढे विकायची वेळ आली तर जुन्या वस्तूंचा जाणकार रंग पाहूनच किंमत पाडतो.

रंगासाठी योग्य टेबल कोणते? ज्याचा सांगाडा भक्कम आहे, पण रूप गेलेले आहे. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून दुरुस्त केलेले, जंगली लाकडाचे, डाग पडलेले किंवा आधीच तीनचार वेळा रंगवलेले. अशा टेबलाला रंग म्हणजे नवा जन्म.

जुन्या रंगातले शिसे

आधीच रंगवलेल्या टेबलाबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. भारतात घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिशाचे प्रमाण याच्या कितीतरी पट असू शकते. पिवळे, नारिंगी, हिरवे असे झगझगीत रंग तर विशेष संशयास्पद, कारण त्यांत शिशाची रंगद्रव्ये सर्रास वापरली जात.

हा रंग कोरडा घासला, की त्याची धूळ घरभर होते. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते आणि ती धूळ पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि सुरक्षित म्हणावी अशी शिशाची कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ज्या मुलीसाठी टेबल आणले, तिलाच त्याचा त्रास व्हायला नको.

म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नका आणि ज्योतीने किंवा गरम हवेच्या यंत्राने जाळूही नका. पेंट रिमूव्हर लावून तो ओला असतानाच खरवडून काढा किंवा पाणी लावत ओल्या पॉलिश पेपरने घासा. धूळ रोखणारा चांगला मास्क व हातमोजे वापरा. काम मोकळ्या गच्चीवर किंवा अंगणात करा. खाली जुने प्लास्टिक अंथरा आणि निघालेला कचरा त्यातच गुंडाळून टाका. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तिथे फिरकू देऊ नका. काम झाल्यावर जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रंग घट्ट असेल आणि पोपडे सुटत नसतील, तर तो खरवडून न काढता हलका ओला घासून त्यावरच नवे थर देणे अधिक शहाणपणाचे.

साडीचे रंग, टेबलाला

आता आवडीचा भाग. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, हळदी, राणी हे रंग अंगावर मिरवणारी गृहिणी फर्निचरची वेळ आली, की तपकिरीच्या पलीकडे जात नाही. खरे तर लाकडावर ठसठशीत रंग चढवणे आपल्याला नवीन नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी आणि पाट पाहा किंवा गुजरातमधल्या संखेड्याचे लाल-सोनेरी झोपाळे पाहा.

रंगसंगती जमत नसेल तर साडीचाच नियम लावा. टेबलाचे अंग एका गडद रंगाचे, खणांच्या दर्शनी फळ्या काठाप्रमाणे विरुद्ध रंगाच्या आणि जुन्या पितळी मुठी चिंचेने घासून लखलखीत केल्या की झाली जर. मोरपंखी अंगाला डाळिंबी खण शोभतात, आमसुली अंगाला हळदी. खोली लहान असेल तर भिंती फिक्या ठेवा आणि ही एकच वस्तू उठून दिसू द्या.

कृती अवघड नाही. मुठी आणि आरसा काढून ठेवा. साबण-सोड्याच्या पाण्याने मेणचट थर धुवा आणि लाकूड दोन दिवस वाळू द्या. रंग नसलेला भाग आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. भेगा लांबीने भरा. सागवानाचे तुकडे असतील तिथे तेल वर येऊन रंगावर पिवळे डाग पडतात. म्हणून तेथे चपडीचे दोन हात आधी द्या. त्यानंतर लाकडाचा प्रायमर आणि तो वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात. एक जाड हात कधीही देऊ नका, त्याचे ओघळ येतात. मध्ये एक रात्र जाऊ द्या आणि हलके घासून मगच दुसरा हात द्या. पाण्यात मिसळणारे एनॅमल घेतल्यास वास कमी येतो. साधारण आकाराच्या टेबलाला एक लिटर पुरते. डब्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याची नोंद पाहून घ्या.

खणांच्या बाजूंना मात्र रंग लावू नका, नाहीतर ते अडकून बसतील. तिथे मेणबत्ती घासावी. आणि हे सारे काम पावसाळ्यात काढू नये. मुंबईच्या जुलैत लाकूड फुगते, रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

एवढे करून उभे राहिलेले टेबल नव्या दुकानात मिळणार नाही. त्याच्या खणांत एखाद्या अनोळखी घराची पन्नास-साठ वर्षे गेलेली असतात. रंग त्यावर आपला चढतो, पण खालचे सांधे त्या जुन्या सुताराचेच असतात. ते सांधे धड असतील तरच पैसे मोजावेत, रंग मग कोणताही द्या.