सगळे एकदम बसतात
प्रवासाची दैनंदिनी : पर्ल नदीच्या खोऱ्यातून

गुरुवार, क्वांगचौ

डिमसम खायला दक्षिण चीनकडे निघालेला माणूस बहुधा यादी घेऊन निघतो. कुणाकडच्या हार गाऊची पारी सर्वांत पातळ, कुणाचा चार सिउ बाव हा वाफवलेला पाव सर्वांत लुसलुशीत, कुठल्या हॉटेलाला मिशलिनचा तारा. या यादीमागे एक समजूत असते की डिमसम हा पदार्थ आहे आणि त्याची परीक्षा जिभेनं करायची. क्वांगचौची सकाळ पाहिली की ही समजूत मला अपुरी वाटते. घरातली सगळी माणसं, रोज शेगडीपाशी उभी राहणारी बाईसुद्धा, एकाच वेळी एका टेबलाशी बसावीत यासाठीची ही व्यवस्था आहे. चव महत्त्वाची आहेच, पण ती या बसण्याच्या कामी येते. या आठवड्याच्या नोंदींत हेच म्हणणं तपासून पाहायचं आहे, आणि त्याच्या विरोधात जे दिसेल तेही मांडायचं आहे.

सुरुवात चहापासून होते. बसल्या बसल्या चहा कोणता ते सांगावं लागतं: गडद पु-अर, मोगऱ्याचा, तिएग्वानयिन किंवा फिकट शौ मेइ. चहाचे पैसे माणशी लागतात आणि झाकण तिरकं करून ठेवलं की किटलीत पुन्हा गरम पाणी ओतलं जातं, म्हणजे जेवणाचा शेवट ठरवून देणारं टेबलावर काहीच नसतं. मग बांबूच्या करंड्या येतात, एकेकीत तीन किंवा चार नग, तयार होतील त्या क्रमानं. करंडी कुणा एकाची नसते. शेजाऱ्याचा कप आधी भरायचा, आपला शेवटी. ज्याचा कप भरला जातो तो दोन बोटं टेबलावर हलकेच आपटून आभार मानतो, त्यासाठी चालू बोलणं तोडावं लागत नाही. एकट्या माणसाचं पोट तीन करंड्यांत भरतं. आठ जण बसले तर तेवढ्याच भुकेत पंधरा प्रकार चाखून होतात. नगांचा आकार आणि करंडीतली संख्या, दोन्ही मोठ्या कुटुंबाच्या सोयीची आहेत. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत डिमसम रात्री, जेवणाआधीचं स्टार्टर म्हणून, एकच प्लेट मागवून खाल्लं जातं. तिथे चव कदाचित तीच मिळेल, पण ही रचना मिळत नाही.

आता हेच घरी करायचं म्हटलं तर काय होईल? हार गाऊची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. त्यात उकळतं पाणी घालून, झाकून, गरम असतानाच मळायचं, म्हणजे ती वाफेवर पारदर्शक होते. तेल लावलेल्या बोथट सुरीच्या रुंद पात्यानं गोळी दाबून पसरायची, आत कोळंबी ठेवायची, एका बाजूनं बारीक चुण्या घालत मिटायची. उकडीचे मोदक ज्यांच्या घरी होतात त्यांना यातली मेहनत सांगायला नको. आणि मोदक वळणारी बाई स्वतः किती वाजता जेवते हेही सांगायला नको. क्वांगचौनं हे काम घराबाहेर, पगारी कारागिरांकडे नेलं. चहाघराच्या मुदपाकखान्यात पारीचे कारागीर वेगळे, सारणाचे वेगळे, वाफेवरच्या करंड्यांच्या उतरंडी सांभाळणारे वेगळे, तळणारे वेगळे. थाओ थाओ च्यु हे चहाघर १८८० सालचं आहे. १९२० आणि ३०च्या दशकांत इथल्या चहाघरांत अशी चढाओढ लागली की पदार्थांची यादी दर आठवड्याला बदलू लागली. दर आठवड्याला नवं काही रांधणं एका घराच्या आवाक्यातलं नाही. त्याला शहर लागतं.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो खरा आहे. जुनी चहाघरं मुख्यतः पुरुषांची होती. व्यापारी सौदे करायला येत, हौशी लोक पक्ष्यांचे पिंजरे घेऊन येत. याच शहरात अफू आणि कापूस घेऊन आलेल्या मुंबईच्या पारशांची तर आणखी कोंडी होती: परदेशी व्यापाऱ्यांना क्वांगचौच्या वखारींत बायका आणायला चिनी सरकारची बंदी होती. तेव्हा कुटुंबाचं टेबल हा डिमसमचा मूळ हेतू होता असा दावा करता येणार नाही. माझं म्हणणं उगमाविषयी नाही. ही रचना पुढे कोणी उचलली आणि कशासाठी, त्याविषयी आहे. ती उचलली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हाँगकाँगनं. तिथली घरं इतकी लहान की दहा माणसांना टेकायला जागा नाही, आणि साठ-सत्तरच्या दशकांत बायका मोठ्या संख्येनं कापडाच्या आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांत कामाला. रविवारी सासू-सासरे, दीर, नणंदा, नातवंडं यांना एकत्र बसवायचं तर मोठ्या दालनांची हॉटेलं हाच मार्ग उरला. पुरुषांची जुनी सवय घरातल्या बायकांच्या विश्रांतीची जागा झाली, ती अशी.

शुक्रवार, शुन्दे

क्वांगचौच्या दक्षिणेला शुन्दे. २०१४ साली युनेस्कोनं याला पाककलेचं सर्जनशील शहर ठरवलं. माणसं इथे खास खायला म्हणून येतात, विशेषतः दुहेरी सायीचं दूध. म्हशीचं दूध तापवून वाडग्यात ओततात, साय धरू देतात, साय तळाशी राहील असं दूध हळूच बाहेर काढून त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा भाग मिसळतात आणि पुन्हा सायीखाली सोडून वाफवतात. वर दुसरी साय येते. प्रत्येकाचा वाडगा वेगळा, वाटून घेण्यासारखं काही नाही. तरी दुकानात एकेकटी माणसं कमी आणि आजी-नातवंडांच्या जोड्या जास्त दिसतात.

पण शुन्दे माझ्या म्हणण्याला दुसऱ्याच कारणानं अडवतं. या भागात रेशीम पिकायचं आणि रेशमाच्या गिरण्यांत कमावणाऱ्या काही मुली लग्न न करण्याचं व्रत घेत, स्वतःचे केस स्वतः बांधून. १९३०च्या दशकात रेशमाचा धंदा बुडाला तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी हाँगकाँग, सिंगापूर आणि मलायाला गेल्या आणि दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहिल्या. शुन्देच्या बाईच्या हाताला चव असते हा लौकिक त्यांनीही लांबवर नेला. म्हणजे घरची बाई टेबलाशी बसली, तर तिच्या जागी चुलीशी दुसरी बाई उभी राहिली. बसण्याची सोय म्हणजे कुणाचं तरी उभं राहणं, असा हा आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

त्याला माझं उत्तर अर्धंच आहे. डिमसमचा कारागीर पहाटे, शहर झोपलेलं असताना कामाला लागतो, दिवसभर वाफेत असतो. हे कष्ट हलके नाहीत. पण त्या कष्टांना मजुरी आहे, वेळ ठरलेली आहे, उमेदवारी करून वर चढायचा रस्ता आहे, आणि चांगल्या कारागिराला नावही मिळतं. घरात तेच काम करणाऱ्या बाईला यांतलं काहीही मिळत नसे. कष्ट नाहीसे झाले असं मी म्हणत नाही. ते दिसू लागले, त्यांची किंमत करता येऊ लागली. व्रत घेतलेल्या त्या स्वयंपाकिणींचं मात्र यात पुरतं बसत नाही. त्यांच्या कामाला मजुरी होती, पण ज्या टेबलासाठी त्या रांधत त्या टेबलाशी त्यांना खुर्ची नव्हती.

शनिवार, छुएन लुंग

हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर ताइ मो शान, ९५७ मीटर. त्याच्या उतारावरचं हे गाव छुन वानहून मिनीबसनं गाठता येतं. इथल्या चहाघरांत डोंगर चढणारे लोक सुट्टीच्या सकाळी गर्दी करतात. करंड्या स्वतःच उचलून आणायच्या, चहाची पानं आणि पाणी स्वतःच घ्यायचं. गावच्या वाफ्यांत वाहत्या पाण्यावर एक तिखट पालेभाजी पिकते, वॉटरक्रेस. ती नुसती उकळून, वर थोडं तेल-सॉस घालून देतात. शहरातल्या डिमसमपेक्षा इथलं डिमसम ओबडधोबड असतं. नग मोठे, चुण्या कमी. यादी घेऊन फिरणाऱ्याला ते खटकेल. पण तीन पिढ्या एकत्र सहलीला आल्या आहेत, आजोबा करंड्या निवडताहेत, नातू पाणी भरून आणतो आहे, आई पायांतले बूट सैल करून बसली आहे. अशा टेबलावर पारीची जाडी हा पहिला प्रश्न होऊ शकत नाही.

तरीही इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप समोर येतो. कोपऱ्यात एकटे म्हातारे बसलेले असतात. वर्तमानपत्र, एक कप चहा, दोन करंड्या, आणि काहींच्या शेजारी पिंजऱ्यातला पक्षी. ही पद्धत कुटुंबाच्या रविवारपेक्षा जुनी आहे आणि तिला घरच्या माणसांची गरज पडत नाही. मग एकत्र बसणं हे डिमसमचं मर्म कसं? याचं उत्तर जागेच्या रिवाजात सापडतं. जुन्या चहाघरात अनोळखी माणसांनी एकाच टेबलाशी बसणं नेहमीचं असतं, आणि नित्याचा गिऱ्हाईक आपल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येतो. वाढणाऱ्याला त्याचा चहा ठाऊक असतो. तो दोन दिवस आला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. एकटा आलेला माणूस इथे एकटा सोडला जात नाही. दाराबंद फ्लॅटमध्ये मायक्रोवेव्हवर गरम केलेलं गोठवलेलं डिमसम त्याला हे देऊ शकत नाही, मग ते कितीही चवीचं असो.

रविवार, हाँगकाँग, सेंट्रल

सिटी हॉलची इमारत १९६२ सालची. तिच्यातल्या डिमसमच्या दालनात अजून ढकलगाड्या फिरतात. इतर बहुतेक ठिकाणी त्या गेल्या आणि कागदावर खुणा करून मागवायची पद्धत आली, कारण गाडीला माणूस लागतो आणि रुंद वाट लागते, आणि इथे दोन्ही महाग आहेत. कागदाची पद्धत वाईट नाही. पदार्थ ताजा येतो, वाया कमी जातो. गाडी गेली की आजीनं झाकण उचलून आत डोकावणं, नातवानं बोट दाखवणं एवढं मात्र जातं, आणि ते माझ्या मते लहान नुकसान नाही.

मराठी घरांसाठी इथे एक व्यावहारिक गोष्ट. कुटुंबात शाकाहारी माणूस असला तर डिमसमचा बेत रद्द करू नये, पण डोळे उघडे ठेवावेत: मुळ्याच्या वडीत सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं, खुसखुशीत पारीत डुकराची चरबी असू शकते. हाँगकाँग पार्कमधलं लॉक चा टी हाउस आणि डायमंड हिलच्या छी लिन भिक्षुणी मठाचं उपाहारगृह संपूर्ण शाकाहारी आहेत. बौद्ध स्वयंपाकाची परंपरा तिथे पक्की आहे, तेव्हा शाकाहाऱ्यासाठी उरलंसुरलं शोधावं लागत नाही.

सिटी हॉलमधून बाहेर पडलं की मात्र शुक्रवारचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बायका. आठवड्याला एक सुट्टी त्यांना कायद्यानं मिळते, बहुतेकींना रविवारी. राहायचं मालकाच्याच घरी हा नियम असल्यामुळे सुट्टीला जायला स्वतःचं घर नाही. म्हणून त्या सेंट्रलच्या पुलांवर, चौकांत, बँकेच्या उंच इमारतीखाली पुठ्ठे पसरून गटागटानं बसतात. डबे मध्ये ठेवलेले, सगळ्या एकमेकींच्या डब्यातलं खाताहेत, व्हिडिओ कॉलवर गावाकडची मुलं. दालनातलं कुटुंब आणि पुलावरचा हा गट यांच्यात पैशाचा आणि हक्कांचा मोठा फरक आहे, आणि तो मिटवून टाकणारं गोड वाक्य लिहिण्याची माझी तयारी नाही. या बायकांना बसायला नीट जागा द्यायला हे शहर सहज समर्थ आहे, आणि ते देत नाही. पण आठवडाभर दुसऱ्यांसाठी रांधणारी बाई आपल्या सुट्टीत काय निवडते, हा पुरावाही तिथेच पसरलेला आहे. ती जिवलगांबरोबर बसून, वाटून खाणं निवडते.

सोमवार, मकाव

बोटीनं तासाभरावर मकाव. १८४४पर्यंत या तत्कालीन पोर्तुगीज वसाहतीचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि त्या नात्याच्या खुणा स्वयंपाकात आहेत: कोळंबीचं खारवलेलं बालचांव, नारळाच्या दुधाचं बेबिंका. गोव्याहून त्यांची घडण वेगळी असली तरी कूळ ओळखू येतं. प्रवासी कोलोआनला अँड्र्यू स्टो यांनी १९८९ साली सुरू केलेल्या बेकरीतले करपऱ्या डागांचे अंड्याचे टार्ट खातात, तैपात डुकराच्या चॉपचा पाव खातात, आणि ते योग्यच आहे.

मकावी पोर्तुगीज कुटुंबांचं खरं अन्न मात्र कायम घरातच राहिलं. खिम्याची मिंची घराघरांत निराळी. आणि चा गोर्दू, म्हणजे सणावारी दुपारी घरी मांडायचा चहा, ज्यात टेबलभर तिखट-गोड पदार्थ यजमानीण करते. क्वांगचौच्या अगदी उलट रीत. यातून शेवटचा आक्षेप निघतो: बाहेर बसण्याची सोय झाली की घरचं रांधप मरतं. मकावात ते खरोखरच धोक्यात आलं. पाककृती बायकांच्या हातांत होत्या, कुटुंबं परदेशी पांगली, वह्या बंद झाल्या. पण क्वांगचौ ज्या प्रांतात आहे त्या क्वांगतोंगचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. तिथे डिमसम बाहेर गेलं तरी तासन्‌तास मंद आचेवर शिजणारं सूप आजही घरीच होतं. जे एका भांड्यात आपोआप शिजतं ते घरात राहिलं, ज्याला दहा हात लागतात ते बाहेर गेलं. मकावच्या घरांनी दहा हातांचं काम दोन हातांवरच ठेवलं, आणि ते हात थकले.

यावरचा उपायही मकावातच झाला. आइदा द जेझुश यांनी रिकेशो हे साधं उपाहारगृह चालवलं; घरची मिंची, घरचे रस्से, कँटीनच्या पद्धतीनं मांडलेले. शंभरी ओलांडल्यावरही त्या तिथे येऊन बसत. २०२१ साली, वयाच्या १०५व्या वर्षी त्या गेल्या, आणि त्याच वर्षी मकावी पाककलेचा समावेश चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत झाला. मकावी घरांतल्या म्हाताऱ्या बायका दुपारी अशा ठिकाणी येतात, आपल्याच पदार्थांची ताटं समोर घेतात, आणि मीठ कमी पडलं असेल तर मोठ्यानं सांगतात.