मागच्याला दिसणारा धूर

पुण्याकडून न्हावाशेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनरच्या ट्रेलरमागे राहून ज्यांनी बोरघाट उतरला असेल, त्यांना तापलेल्या लायनरचा करपट वास ठाऊक असेल. त्या वासाचे आम्हाला भय वाटते. पण त्याहून अस्वस्थ करते ते हे, की तो वास आम्हाला येतो, ट्रेलर हाकणाऱ्याला येत नाही.

ब्रेक गती नष्ट करीत नाही. तिची उष्णता करतो. उतारावर खालच्या गिअरचा आधार न घेता ब्रेकच दाबून धरला, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर सरतो, आणि लायनरची पकडही सुटू लागते. जोडगाडीत ओढणारी गाडी आणि ट्रेलर हे ओझे सारखे वाटून घेतीलच असे नाही. एकाचे ब्रेक ढिले असले की दुसऱ्याचे जळतात. चालकासमोर हवेचा दाब दाखवणारा काटा असतो. मागच्या चाकांची उष्णता मोजून केबिनमध्ये कळवणारी साधने आहेत. तथापि ती नसली, तर चाके धुमसत असतानाही केबिनमध्ये सारे शांत भासते.

२४ मार्च १९९९ रोजी माँ ब्लाँ बोगद्यात एका मालट्रकला आग लागली आणि ३९ माणसे गेली. तिथे प्रश्न ब्रेकचा नव्हता. पण आपल्या गाडीतून धूर निघतो आहे हे चालकाला कळले, ते समोरून येणाऱ्यांनी दिवे उघडझाप केल्यावर. पुढे अशा बोगद्यांच्या वाटेवर अवजड वाहनांची उष्णता टिपणाऱ्या कमानी उभ्या राहिल्या. तापलेला ब्रेकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. वाटेवरच्या अनोळखी माणसाने करायचे काम आता यंत्राकडे आले, असे म्हणता येईल.

आपले काव्यशास्त्र सांगते, की ध्वनी सहृदयालाच उमगतो. घाटात मात्र अर्थ ज्याला उमगतो त्याच्या हाती ब्रेक नसतो, आणि ज्याच्या हाती असतो त्याच्यापर्यंत अर्थ पोचत नाही. इशारा म्हणजे नुसती खूण नव्हे. योग्य माणसाला वेळेत वाचता आलेली खूण, एवढीच त्याची व्याख्या आम्हाला करता येते.

अलीकडे ट्रेलरच्या शेजारून जाताना आम्ही खिडकीतून हात करून मागच्या चाकांकडे बोट दाखवतो. कुणी आरशात पाहून गाडी कडेला घेतो. कुणी हसून हात हलवतो. त्याला तो रामराम वाटलेला असतो.