पटाची परीक्षा

आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या. उतारवयात यंत्राची परीक्षा घेण्याचा योग आला. निर्ण्याच्या आमच्या शाळेचा पट संगणकावर ठेवण्यासाठी पीएचपीच्या चार आज्ञावल्या आम्ही लिहिल्या, आणि त्यांची पारख करणाऱ्या आज्ञावल्याही लिहू लागलो. १९९७ साली केंट बेक व एरिक गामा यांनी विमानप्रवासात ‘जेयुनिट’ रचले. त्याच घराण्यातील ‘पीएचपीयुनिट’ हे आमचे साधन.

शितावरून भाताची परीक्षा होते. येथे मात्र तो न्याय चालत नाही. आमच्या सीमाभागात एकाच मुलीचे नाव कन्नडात आणि देवनागरीतही लिहावे लागते. लिपीची व्यवस्था बिघडली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उभी राहतात. म्हणून पहिली कसोटी अशी : दोन्ही लिप्यांत नाव लिहावे, परत वाचावे, अक्षरशः जुळते का पाहावे. दुसरी : २९ फेब्रुवारी २०१६ ही जन्मतारीख स्वीकारली जावी, २९ फेब्रुवारी २०१५ नाकारली जावी.

हे खऱ्या पटावर करू नये. त्यासाठी निराळा, रिकामा पट ठेवावा. प्रत्येक कसोटीच्या आरंभी व्यवहार उघडावा, शेवटी तो रद्द करावा. पाटी पुन्हा कोरी. आज्ञावलीतील एक ओळ जरी बदलली, तरी साऱ्या कसोट्या पुन्हा चालवाव्यात.

वाचकहो, कसोट्या उतरल्या म्हणजे दोष उरला नाही, असे नव्हे. विचारले तेवढेच तपासले जाते. तरीही हा खटाटोप हवा. शाळेच्या पटावरील जन्मतारीख माणसाला जन्मभर पुरते. ती चुकली तर कचेरीचे खेटे त्या मुलीच्या बापाला घालावे लागतात, यंत्राला नव्हे.