बघू दोन दिवस!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं दुखलं-खुपलं की आपलं ठरलेलं उत्तर एकच – "बघू दोन दिवस!" काढा, शेक, बाम, आणि बहुतेक दुखणी खरंच तेवढ्यात पळतात. पण दोन दिवसही देऊ नयेत असं एक दुखणं आमच्या घरात आलंय, म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा तेरा वर्षांचा. पंधरवडाभर बारीक ताप, चेहरा पांढराफटक, मानेला गाठी. पुढे आडवं झालं की धाप लागायची. "दमा असेल, सहामाही होऊ दे, मग दाखवू," असं चाललं होतं. सासूबाईच कडाडल्या, "पोर बसून झोपतंय आणि तुम्ही परीक्षा कसली घेऊन बसलात?" त्याच दिवशी रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. पुढच्या तपासण्यांत नाव कळलं – टी-पेशींचा तीव्र रक्ताचा कर्करोग. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातला हा विरळा प्रकार.

मी शाळेत अर्धवेळ शास्त्र शिकवते. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे मुलांना दरवर्षी सांगते. त्यांतल्या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. या रोगात कच्चे, बिनकामाचे शिपाईच बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून ताप, फिकेपणा, अंगावर काळेनिळे डाग. छातीतली गाठ श्वासनळी दाबते, म्हणून धाप. आणि हे सगळं अवघ्या काही आठवड्यांत!

पण गंमत अशी, की झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवरच औषधं जास्त लागू पडतात. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचं प्रसिद्ध केलं. १० जणांना काही काळ उतार पडला होता. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं, ते आपल्या आंध्रातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, बरं का! त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही देतात. आता पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. मात्र उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दमा समजून घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनानं देऊ नका. गाठ तात्पुरती ओसरते आणि निदान चुकतं. आणि अशा मुलाला भेटायला जाताना स्वतःला सर्दी-खोकला नाही ना, एवढं पाहा. त्याला साधा ताप आला, तरी रात्रीच्या रात्री इस्पितळ गाठावं लागतं.

आमच्या पोराचं अजून एक वर्ष बाकी आहे. जाऊबाईंच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आता गोळ्यांच्या खुणा असतात. तिथे मात्र त्या एकही खाडा पडू देत नाहीत.