जमेच्या बाजूचे ३२० रुपये

आमच्या घरीं दर महिन्याच्या अखेरीस जमाखर्चाची वही लिहिण्याचा प्रघात वडिलांच्या वेळेपासून आहे. गेल्या दोन वर्षांत तींत जमेच्या बाजूस एक नवी बाब येऊं लागली : कॅशबॅक. आमच्या सूनबाईंनीं वीज, गॅस व दूरध्वनि यांचीं बिलें क्रेडिट कार्डानें भरण्याची व्यवस्था करून दिली. बिलांची बेरीज सुमारें ६,४०० रुपये, परतावा शेकडा ५. म्हणजे दरमहा ३२० रुपये घरबसल्या परत! विजेचें बिल मुदतीच्या बरेंच आधीं भरल्यास महावितरण सूट देतें, ती निराळीच. खिडकीसमोर तासभर उभें राहून पैसे भरण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हांस हा प्रकार विलक्षण वाटला, व चार लोकांत आम्हीं तो सांगितलाही.

परंतु बँक हे पैसे देते तरी कोठून? व्यापाऱ्याकडून प्रत्येक व्यवहारामागें कांहीं शुल्क कापलें जातें, हें एक उत्तर. पण बिलांच्या व्यवहारांत तें फार थोडें सुटत असावें. कारण १ मे २०२४ पासून कांहीं बँकांनीं ठराविक मर्यादेपलीकडील अशा बिलांवर उलट शेकडा १ आकार लावला. उरलेलें उत्तर आम्हांस आमच्याच माडीवर सांपडलें.

एके दिवशीं रद्दी बांधतांना धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचें कार्डाचें मासिक पत्रक हातीं आलें. दुसऱ्याचे कागद वाचूं नयेत, हें आम्हीं आयुष्यभर मुलांस शिकविलें, तरी वाचलें. मागील बाकी ४०,००० रुपये. व्याज दरमहा शेकडा ३.५, म्हणजे १,४०० रुपये. त्यावर शेकडा १८ प्रमाणें कर २५२ रुपये. चिरंजीवांनीं ‘किमान देय रक्कम’ म्हणून भरले २,०००. मुद्दल फिटलें ३४८ रुपये! आम्हीं हिशेब दोनदां करून पाहिला.

हें ‘किमान देय’ मोठें फसवें आहे. तेवढें भरलें कीं विलंबाचा दंड टळतो. व्याज टळत नाहीं, आणि बाकी उरली कीं नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत बुडते. केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास फेड वर्षानुवर्षें लांबते, अशी सूचना पत्रकावर छापण्याचा निर्देश रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं दिला आहे. ती येथेंही होती. अक्षर मात्र आमच्या चष्म्यासही जड गेलें.

रात्रीं त्यास बोलावून पत्रक पुढें ठेवलें. तो खालीं पाहून म्हणाला, “काका, दर महिन्याला भरतोंच आहें.” खरेंच भरीत होता, चौदा महिने. मध्यंतरीं त्याची नोकरी गेली होती, हें आम्हांस तेव्हां कळलें. घरचा किराणा हा त्याचा वाटा. तो त्यानें त्या काळांत याच कार्डावर आणला. आमच्या वहींत त्याचा वाटा एकही महिना चुकलेला नाहीं. वही तपासून आम्ही त्याला कितीदां शाबासकी दिली असेल!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं एक मुदतठेव मोडली. शेकडा सातची ठेव मोडून शेकडा बेचाळिसाचें ऋण फेडण्यास फारसा विचार लागत नाहीं. चिरंजीव आतां दरमहा २,००० रुपये आमच्या हातीं आणून देतात, व सारे मुद्दलांत पडतात. या महिन्याचे कॅशबॅकचे ३२० रुपयेही आले आहेत. वहींत ते कोणत्या सदराखालीं मांडावे, हें मात्र अद्यापि ठरलें नाहीं.