घर उघडं ठेवणारी

कुडाळजवळच्या आमच्या गावी घरचा गणपती पाच दिवसांचा. मान तिघा भावांचा. बाबा आणि धाकटे काका मुंबईला गिरणीत, थोरले काका गावी शेतीवर. थोरले काका अकाली गेले आणि घर, शेत, गुरं, गणपती असं सगळंच थोरल्या काकीवर आलं. तिने ते चाळीसएक वर्षं सांभाळलं. आज माझ्या नावापुढे जे शिक्षण आहे, आणि सण म्हणून माझ्यात जे काही रुजलं आहे, त्याचं बरंचसं देणं मी तिचं लागते.

आम्ही चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचायचो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. एसटीची जादा गाडी, खिडकीतून आत येणारा पाऊस, कशेडी आणि परशुरामचे घाट आणि उजाडता उजाडता लागणारी लाल माती. घरात शिरावं तर जमीन सारवलेली, समया घासलेल्या, पडवीत सुकी लाकडं रचलेली आणि चुलीवर चहाचं आधण. लहानपणी वाटायचं, गावचं घर मुळी असंच असतं.

ते तसं कसं होतं, हे १९८२ साली कळलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चतुर्थी आली तेव्हा आमच्या खोलीत सात महिने पगार आलेला नव्हता. बाबांनी काकीला पत्र टाकलं : यंदा दीड दिवसावरच विसर्जन करू, पैसे धाडणं जमणार नाही. काकीने शाळेतल्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं. पोरांना घेऊन या, पाच दिवस होतील. मूर्तीपोटी तिने चित्रशाळेत तांदूळ आणि नारळ पोचवले होते आणि काजूच्या बियांचे पैसे वाणसामानासाठी बाजूला काढले होते. पाच दिवस झाले. विसर्जनानंतर बाबा बॅगा बांधू लागले तेव्हा ती म्हणाली, "पोरां हयच ऱ्हवांदेत, भावजी. त्यांचे दोन घास माका जड नाय."

मी आणि माझा भाऊ मागे राहिलो. गावच्या शाळेत नाव घातलं गेलं. त्या वर्षाची फी, वह्या, पावसाळी चपला, सगळं काकीच्या भातातून आणि काजूतून आलं. आमच्या चाळीतल्या कितीतरी मुलांच्या शाळा त्या संपात सुटल्या. माझी सुटली नाही, याचं कारण काकी.

शेवटचा चाकरमानी एसटीत बसला की घर एकदम मोठं वाटू लागायचं. मग काकीचं काम सुरू. शेजाऱ्यांची पातेली राख लावून घासून ज्याची त्याला पोचवायची, गणपतीवर टांगलेल्या माटवीचे नारळ आणि तवशी घरोघर वाटायची, केळीच्या पानांचा ढीग शेणकीत टाकायचा. तोवर हळवं भात कापणीला यायचं. कापणी-झोडणी झाली की मोदकांच्या पिठीसाठी चांगल्या तांदळाचं एक मडकं वेगळं. सांबाऱ्याचे काळे वाटाणे उन्हं देऊन बरणीत. मे महिन्यात लाकडं फोडली की त्यातली बारीक, सुकी लाकडं पडवीच्या आतल्या अंगाला रचायची आणि त्यांना आषाढातसुद्धा हात लावायचा नाही, कारण ती चतुर्थीची. आमच्या पाच दिवसांमागे तिचं अख्खं वर्ष होतं, आणि घरातल्या पोरांपैकी ते वर्ष पाहिलेली आम्ही दोघंच.

पुढच्या श्रावणात तिने मला माटवीचं सामान आणायला सोबत नेलं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे, दोडके, तवशी आणि रानातलं जे जे त्या दिवसांत फुलतं-फळतं ते बांधायचं. कळलावीची लाल-पिवळी फुलं, हरणाची पिवळीधमक फुलं आणि नारिंगी कवंडळं. बांधायला सुतळी तिला चालत नसे. केवणीची साल सोलून, पाण्यात भिजवून, मांडीवर पीळ देऊन ती दोर करायची. जड फळं कडेला, फुलं मध्ये, म्हणजे चौकट एका अंगाला कलत नाही. मी कवंडळाचा वेल ओढला तेव्हा तिने माझा हात धरला. "वेलार दोन तरी ठेय गो बाय. फुडल्या वर्साक खयसून येतली?" वनस्पतीशास्त्र मी पुढे कॉलेजात शिकले, पण पहिला धडा हा.

मग काळ बदलला, आणि बराचसा चांगल्यासाठी बदलला असं माझं मत आहे. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली आणि म्हाताऱ्या माणसांना गावचा गणपती पुन्हा दिसू लागला. चुलीजागी गॅस आला. पहाटे चारपासून धुरात बसणाऱ्या माझ्या आईच्या पिढीला तो आधीच मिळायला हवा होता. चुलतभाऊ मुंबईहून थर्माकोलचं मखर आणू लागले. काकी हरकत घेत नसे, वरती माटवी मात्र तिचीच. २०१८ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखर गेलं. माटवी राहिली. कवंडळं आता बाजारात वाट्यावर मिळतात, मोदक सांगून करून घेता येतात, आणि भाचरं सुट्टी मिळेल तशी येतात. येतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२०२०च्या चतुर्थीला मात्र कुणालाच जाता आलं नाही. करोनामुळे गावी जाणाऱ्यांना आधी विलगीकरणात राहावं लागणार होतं, आणि काकी वयाने थकलेली. तिने एकटीने गणपती आणला. शेजारच्या मुलाने फोन समोर धरला आणि आम्ही मुंबई, पुणे, नाशिक अशा घराघरांतून बघत होतो. आरती झाली. गाऱ्हाणं घालायची वेळ आली. आमच्याकडे ते नेहमी पुरुषमाणसाने घालायचं, आणि घरात पुरुष कुणी नाही. काकीने पदर खोचला, हात जोडले आणि सुरुवात केली. एकेकाचं नाव घेतलं. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं बाळंतपण जवळ आलेलं, कोण इस्पितळात, सगळं तिला ठाऊक होतं. प्रत्येक नावाला आवारातली चार पोरं "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि फोनवरून आम्ही. माझं नाव आलं तेव्हा मला तो शब्द उच्चारता आला नाही. त्या वर्षापासून आमच्या घरात गाऱ्हाणं बायकाही घालतात.

काकी गेली त्याला आता काही वर्षं झाली. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला : घर उघडणार कोण? गणपती मुंबईला आणावा, असंही कुणी सुचवलं. त्यात गैर काही नाही, अनेक घरांनी ते केलं आहे. पण मी आणि भाऊ हटून बसलो. ज्या घराने आम्हाला संपाच्या वर्षी पोसलं, त्या घरात चतुर्थीला दिवा लागलाच पाहिजे. शेवटी पाळी ठरली. दरवर्षी एका घरची दोन माणसं नागपंचमीलाच गावी जातात. साफसफाई, लाकडं, तांदूळ, माटवी त्यांच्याकडे, आणि विसर्जनानंतर मागची आवराआवर करूनच ती परततात. गेल्या खेपेला माझी भाची राहिली, लॅपटॉपवर नोकरी सांभाळून. केवणीचा दोर तिला वळता येतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. तुमच्याही गावी कुणी काकी, वहिनी, आजी घर उघडं ठेवून असेल, तर यंदाचं तिकीट चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं काढू नका. आठ दिवस आधीचं काढा, आणि परतीचं विसर्जनानंतर दोन दिवसांनी.