आ करा!

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे म्हणजे किराणा दुकानदाराने गवयाला ताल शिकवण्यासारखे आहे, असे माझे वर्गमित्र म्हणतील. म्हणोत बापडे! परंतु ज्या विषयाने गेल्या मे महिन्यात माझी झोप उडवली तो मुळात हिशेबाचाच होता, हे वाचकांना शेवटी पटेल अशी आशा आहे.

माझे मामा भोपाळला रायसेन रस्त्यावरच्या आनंद नगरात राहतात. ‘भेल’च्या कारखान्यात उमेदीची वर्षे काढून ते तिथेच स्थायिक झाले. त्यांची मराठी आता निम्मी हिंदी झाली आहे. मी बेळगावकडचा, माझी निम्मी कन्नड. मामी म्हणतात, “तुम्हा दोघांत मिळून एक मराठी माणूस होतो.”

मामांच्या पित्ताशयात खडे झाले, शस्त्रक्रिया ठरली आणि सोबतीला मी गेलो. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मामांना ताठ बसवले आणि सांगितले, “मुँह पूरा खोलिए, जीभ बाहर.” मामांनी आ केला, पण त्यात दोन बोटेही धड जाईनात. “सुपारी? गुटखा?” बाईंनी विचारले. मामा जमिनीकडे पाहू लागले. दोन वर्षांपूर्वीच सोडला अशी मामींची समजूत होती.

बाईंनी मला सारे नीट समजावून सांगितले. पूर्ण भूल दिली आणि स्नायू सैल करणारे औषध टोचले की रोग्याचा स्वतःचा श्वास थांबतो. मग घशातून श्वासनलिकेत नळी घालून त्याला श्वास द्यावा लागतो, आणि त्यासाठी हाती मिनिटेच असतात. म्हणून वाट आधी पाहून ठेवायची. तोंडात तीन बोटे मावतात का, मान मागे वळते का, दात हलतात का, सारे पाहायचे. मान मागे टाकून हनुवटी ते कंठमणी अंतर मोजायचे. ते साडेसहा सेंटिमीटरांहून अधिक असावे. हे माप 1983 साली पाटील आडनावाच्या भूलतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. जीभ बाहेर काढून पडजीभ किती दिसते ते पाहण्याची रीत 1985 सालची, बोस्टनमध्ये काम करणाऱ्या डॉ. मल्लमपती यांची. त्यांनी तीन वर्ग पाडले. चौथा 1987 साली इतरांनी जोडला. पडजीभ पूर्ण दिसली तर पहिला वर्ग, नुसती कठीण टाळू दिसली तर चौथा. म्हणजे इथेही फर्स्ट क्लासच हवा!

आता हिशेब. डेन्मार्कमधल्या 1,88,064 रोग्यांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 3,391 जणांना नळी घालणे अवघड गेले, आणि त्यांतल्या 3,154 जणांबाबत तसा अंदाज आधी केलेलाच नव्हता. उलट ज्या 929 जणांबाबत अवघड जाईल असे म्हटले होते, त्यांतल्या फक्त 229 जणांनाच तसे गेले. मग तपासायचे कशाला? आम्ही ताळेबंदात बुडीत व संशयित येण्यांसाठी तरतूद करतो ती कशाला? कोणता ऋणको बुडवील हे सांगता येत नाही म्हणूनच ना! चांगला भूलतज्ज्ञ तपासतो, आणि तपास चुकेल हे गृहीत धरून दुसरी वाटही तयार ठेवतो.

मामांच्या बाबतीत मात्र शंकेला जागाच नव्हती. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतले अस्तर ताठर होते, त्यात दोरीसारखे पट्टे धरतात आणि जबडा उघडेनासा होतो. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन आपल्याकडे केले. हा व्रणासारखा ताठरपणा असल्याने भुलेचे औषध देऊनही तोंड उघडत नाही. म्हणून मामांचा घसा बधिर करून, ते जागे असतानाच, नाकावाटे लवचिक दुर्बिणीच्या आधाराने नळी घातली गेली आणि मग भूल दिली. सारे सुखरूप पार पडले. बाईंनी दोन बोटे लावून पाहिले नसते तर काय झाले असते, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 रोजी गुटख्यावर बंदी घातली. पण नुसती सुपारी कुठे बंद आहे? तंबाखूविना सुपारीनेही कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केले आहे.

आणि इथे माझी खरी अडचण सुरू होते. कन्नडमध्ये सुपारीला अडिके म्हणतात. माझे वडील अडिकेच्या एका अडतदुकानात दिवाणजी आहेत. शिरसीकडून आलेल्या पोत्यांच्या नोंदी मी सुट्टीत त्यांच्या वहीत उतरवतो. माझी फी त्याच पगारातून भरली जाते. शिरसीच्या बागाईतदाराला आणि पोती वाहणाऱ्या हमालाला मी दोषी ठरवू शकत नाही. पण ‘जमा’ लिहिताना समोरचे ‘नावे’ कुठल्या गावी, कुणाच्या गालात पडते, हे आता मला ठाऊक आहे.

वडिलांना मी सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या तोंडात बोटे घालून पाहिली. तीन गेली. त्यांनी खिशातली सुपारीची डबी काढून कपाटावर ठेवली आणि वही उघडली. डबी अजून तिथेच आहे. पोती मात्र येतच आहेत.